डर्ट बाईक अंगावर येतेय? जास्त ताकदीची गाडी आवाक्यात आणायची कशी

बऱ्याच जणांचं असं होतं की पहिलीच डर्ट बाईक म्हणून थेट ४५० सीसीची मोटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीची गाडी) नाहीतर २५० सीसीची टू स्ट्रोक घरी येते, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की छोटी घेशील तर सहा महिन्यांत कंटाळशील, किंवा सेकंडहँडमध्ये चांगल्या कंडिशनची तीच मिळालेली असते. मग पहिल्या दिवशी मैदानात नेतात, क्लच सोडतात, जराशी रेस देतात आणि गाडी खालून निघून जाते. तिसऱ्या आठवड्यात गाडीवर कव्हर चढलेलं असतं आणि विषय काढला तरी माणूस गप्प होतो.

माझंही हेच झालं होतं. मित्राची ४५० होती, मोकळं सपाट मैदान, दुसऱ्या चकरेत मागचं चाक एका दगडावरून उडालं, मी सीटवर मागे सरकलो, हँडल धरून ठेवायला गेलो आणि त्यातच उजवं मनगट मागे पिळलं गेलं, म्हणजे रेस आणखी वाढली, गाडी आणखी पुढे पळाली, मी आणखी मागे लटकलो. शेवटी मातीच्या बांधावर जाऊन आदळलो, मनगट सहा आठवडे बांधून होतं. त्यानंतर जे शिकलो ते इथे लिहितोय, कारण त्या दिवशी यातली अर्धी गोष्ट जरी कुणी सांगितली असती तरी तो बांध लागला नसता.

अशी गाडी हिंमतीने झेपत नाही. ती आधी लहान करून घ्यावी लागते, म्हणजे सेटिंग, गियर, क्लच आणि जागा नीट निवडून तुमच्या हातात मावेल तेवढीच ताकद मागच्या चाकापर्यंत जाऊ द्यायची, आणि पुढे थोडी थोडी सोडत जायची. आणि हे सगळं करूनही नाही जमलं तर गाडी बदलायची, त्यात कमीपणा काहीच नाही.

गाडी एवढी उसळते का

सीसी बघून अंदाज बांधू नका. रस्त्यावरची ४०० सीसीची क्रूझर आणि ४५० मोटोक्रॉस यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. होंडा सीआरएफ४५०आर, यामाहा वायझेड४५०एफ, कावासाकी केएक्स४५० या गाड्या पेट्रोलसकट साधारण ११० किलोच्या आणि ताकद ५० हॉर्सपॉवरच्या वर. त्यांचा जन्मच शर्यतीतून झालाय. १९९७ ला लास वेगासच्या सुपरक्रॉसमध्ये, म्हणजे स्टेडियममधल्या मातीच्या शर्यतीत, डग हेन्री हा रायडर यामाहाच्या फोर स्ट्रोक प्रोटोटाइपवर जिंकला, १९९८ ला वायझेड४००एफ बाजारात आली आणि मग सगळ्याच कंपन्या २५० टू स्ट्रोकला मागे टाकणारे मोठे फोर स्ट्रोक बनवायला लागल्या. स्टार्टच्या गेटपासून पहिल्या वळणापर्यंत सगळ्यांच्या पुढे पोचायचं, या हिशोबाने ते इंजिन बनलंय. शिकणारा माणूस त्या हिशोबात कुठेच नव्हता.

शिवाय दोन प्रकारच्या गाड्या दोन वेगळ्या पद्धतीने घाबरवतात. ४५० फोर स्ट्रोकमध्ये जोर अगदी खालपासून असतो, मनगट बोटभर हललं तरी चाकाला कळतं, आणि रेस सोडली की इंजिन ब्रेकिंग इतकं जोरात लागतं की अंग पुढे फेकलं जातं, मग घाबरून परत रेस, परत सोड, आणि गाडी घोड्यासारखी मागेपुढे डुलायला लागते. २५० टू स्ट्रोकचं उलटं. खालच्या आरपीएमला ती शांत असते, आपल्याला वाटतं जमलं बरं का, आणि मग पॉवर व्हॉल्व्ह (आरपीएम वाढल्यावर उघडणारी एक्झॉस्टमधली झडप) उघडतो, एका क्षणात सगळा जोर एकदम येतो. आपली गाडी यातली कोणती हे डोक्यात स्पष्ट असू द्या, कारण पुढचे काही उपाय त्यावर ठरतात.

पायरी १: चालवायच्या आधी गाडी मवाळ करा

आधी फुकटची कामं.

थ्रॉटलचा फ्री प्ले बघा, म्हणजे ग्रिप फिरवल्यावर केबल ओढली जाण्याआधी तो किती मोकळा फिरतो ते. ३ ते ५ मिलिमीटर मोकळीक ठेवा. अजिबात मोकळीक नसेल तर प्रत्येक खड्ड्यात हात हलला की रेस मिळते आणि नवीन माणसाला वाटतं गाडी वेडी आहे. ग्रिप सोडल्यावर खटकन मागे आला पाहिजे. मग इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवा, आयडलिंग वाढलं तर केबल कुठेतरी ताणली जातेय, ते नीट केल्याशिवाय गाडी हलवू नका.

क्लच आणि पुढच्या ब्रेकचा लिव्हर एका बोटाने आरामात ओढता येईल असा जवळ आणा. लिव्हरचा स्क्रू थोडा सैल करून तो जरा खाली फिरवा, म्हणजे उभं राहून चालवताना मनगट वर मोडणार नाही. पुढे जे जे सांगणारे ते सगळं एक बोट क्लचवर असण्यावर अवलंबून आहे, त्यामुळे ही दहा मिनिटं टाळू नका.

आता मॅप, म्हणजे इंजिनने जोर कसा द्यायचा याची इलेक्ट्रॉनिक सेटिंग. २०१५ पासून सीआरएफ४५०आरला हँडलवर बटण आहे, त्यात स्मूद मोड असतो. केएक्स४५०एफला २०१२ पासून बरीच वर्षं वेगवेगळ्या रंगांचे प्लग येत होते, त्यातला काळा हा कडक जमिनीसाठीचा, तोच मवाळ. २०१८ पासूनच्या वायझेड४५०एफचा मॅप फोनच्या ॲपवरून बदलता येतो. केटीएमच्या बऱ्याच फोर स्ट्रोकना हँडलवर मॅप स्विच असतो. तुमच्या गाडीला यातलं काहीही असेल तर सगळ्यात मवाळ मॅप टाका आणि निदान दहा तास तो बदलू नका. केटीएमच्या जुन्या पद्धतीच्या पॉवर व्हॉल्व्हवाल्या टू स्ट्रोकना छोटी स्प्रिंग बदलायची सोय असते, पिवळी स्टँडर्ड, लाल तिखट आणि हिरवी मवाळ. हिरवी टाका. फरक खरंच जाणवतो, पॉवर व्हॉल्व्हचा तो झटका पसरट होतो.

सस्पेन्शनकडे नवीन लोक बघतच नाहीत. पण कडक सस्पेन्शनवर गाडी प्रत्येक दगडावर उडते, तुम्ही उडता, हात उडतो, रेस मिळते. माझा बांध तिथूनच सुरू झाला होता. हेल्मेट-बूट सगळं घालून सीटवर बसल्यावर मागची बाजू किती दबते त्याला सॅग म्हणतात, मोठ्या मोटोक्रॉस गाडीला तो साधारण १०० ते १०५ मिलिमीटर हवा. गाडी स्टँडवर, मागचं चाक हवेत, ॲक्सलपासून मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत माप घ्या, मग बसून तेच माप घ्या, वजाबाकी म्हणजे सॅग. दुसरा माणूस लागतोच माप घ्यायला. त्यानंतर पुढे आणि मागे कंप्रेशनचे क्लिकर (सस्पेन्शन किती कडक दबेल ते ठरवणारे स्क्रू) दोन-तीन क्लिक मऊ करा. टायरमध्ये १२ ते १४ पीएसआय हवा.

थोडा खर्च करायची तयारी असेल तर माझ्या मते क्रम असा. सगळ्यात आधी हळू उघडणारी थ्रॉटल ट्यूब, तिच्यात केबल गुंडाळायची चकती लहान असते म्हणून मनगट जास्त फिरवल्यावर तेवढीच रेस मिळते. मग फ्लायव्हील वेट, म्हणजे इंजिनसोबत फिरणाऱ्या चाकाला लावायचं जादा वजन. फ्लायव्हील जड झालं की इंजिन हळू फिरत वर चढतं, एकदम झटका देत नाही आणि हळू चालवताना पटकन बंदही पडत नाही. टू स्ट्रोकला तर याचा फार उपयोग होतो. मग स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, पण इथे जरा विचार करा. मागे मोठं स्प्रॉकेट टाकलं की पहिल्या गियरमध्ये गाडी मुंगीच्या चालीने जाते, अरुंद जंगलवाटांना ते बरं, पण त्याच वेळी प्रत्येक गियरमध्ये ओढ वाढते. मोकळ्या मैदानात शिकत असाल तर उलटं, मागे एक-दोन दात कमी केले की गाडी शांत होते. पुढचा एक दात म्हणजे मागचे साधारण तीन-चार दात, म्हणून पुढच्याला हात लावताना जपून. आपोआप पकडणारा सेंट्रिफ्युगल क्लचही मिळतो, त्याने गाडी बंद पडत नाही, पण गियरमध्ये उभी असताना चुकून रेस मिळाली तर ती निघते, हे विसरलं की मोठा धोका.

एक गोष्ट मात्र करू नका. एअर फिल्टर झाकून किंवा सायलेन्सरमध्ये काही कोंबून ताकद कमी करायचा सल्ला देणारे भेटतात. कार्बोरेटरच्या गाडीत त्याने मिश्रण जाड होतं, प्लग काळा पडतो, इंजिन अडखळतं आणि अडखळणारं इंजिन मध्येच उचलतं तेव्हा ते आधीपेक्षा जास्त धोकादायक असतं.

अंगावरचं थोडक्यात सांगतो. चांगलं सर्टिफाइड हेल्मेट, गॉगल, मोटोक्रॉसचेच बूट, गुडघ्याचे आणि छातीचे गार्ड, ग्लोव्हज. बूट म्हणजे ट्रेकिंगचे बूट नाहीत. ११० किलोची गाडी घोट्यावर पडते तेव्हा फरक कळतो. आणि कॉर्डवाला किल स्विच बसवा, एक टोक मनगटाला, पडलात की कॉर्ड निघते आणि इंजिन बंद. नवीन माणसासाठी यासारखी गोष्ट नाही.

पायरी २: इंजिन बंद ठेवून एक तास

हे कंटाळवाणं वाटेल पण करा. या गाड्यांच्या सीटची उंची ९५० ते ९७० मिलिमीटर, दोन्ही पाय टेकणारे लोक फार कमी. म्हणून थांबायचं तंत्र वेगळं आहे, सीटवर एका बाजूला सरकायचं आणि एकच पाय पूर्ण टेकवायचा, दुसरा फूटरेस्टवर. डावा पाय टेकवा म्हणजे उजवा मागच्या ब्रेकवर राहतो. हे वीस-पंचवीस वेळा करा, बसा, सरका, टेकवा, परत वर. मग गाडी हाताने ढकलत चालवा, वळवा, थोडी कलवून पोटाच्या आधाराने पेलून बघा, कुठल्या कोनानंतर ती सांभाळत नाही ते अंगाला कळू द्या.

गाडी आडवी करून उचलायचाही सराव करा. उतारावर पडली असेल तर आधी ती जमिनीवरच फिरवून चाकं खालच्या बाजूला आणायची, मग पुढचा ब्रेक धरून, गुडघ्यात वाकून, पायांच्या जोरावर उचलायची. कमरेने उचलाल तर दिवस तिथेच संपेल.

किकवाली कार्बोरेटरची ४५० असेल तर सुरू करताना रेस अजिबात द्यायची नाही. त्या कार्बोरेटरला ॲक्सलरेटर पंप असतो, ग्रिप फिरवला की पेट्रोलची पिचकारी आत जाते आणि इंजिन फ्लड होतं. किक हळूहळू दाबत जिथे अडते तिथपर्यंत आणायची, वरून पुन्हा पूर्ण खालपर्यंत एक सलग किक. पडून उठल्यावर गरम इंजिन सुरू होत नसेल तर हॉट स्टार्टचा छोटा लिव्हर ओढून किक मारा. हे माहीत नसलेले लोक वीस-वीस मिनिटं किक मारून दमतात आणि मग दमलेल्या अंगाने चालवतात.

पायरी ३: क्लच, म्हणजे तुमचा खरा लगाम

ताकदीच्या गाडीवर नवीन माणूस रेसकडे लक्ष देतो. खरं लक्ष क्लचकडे पाहिजे. रेस म्हणजे इंजिन किती जोर तयार करतंय, क्लच म्हणजे त्यातला किती चाकाकडे जातोय, आणि दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कितीतरी पटकन बदलता येते. रेस चुकून पूर्ण उघडली तरी क्लच आत ओढलेला असेल तर फक्त आवाज होतो, गाडी जागची हलत नाही. हे वाक्य डोक्यात पक्कं बसवा.

म्हणून पहिला नियम, डाव्या हाताची तर्जनी कायम क्लचवर. सरळ रस्त्यावर, उभं असताना, वळताना, सगळीकडे. मी अजूनही ते बोट उचलत नाही.

सराव असा. सपाट मोकळी जागा, निदान फुटबॉल मैदानाएवढी, समोर झाड, खांब, तार काही नको. गाडी गरम होऊ द्या. पहिला गियर टाका, रेसला हातच लावू नका, क्लच कणाकणाने सोडा. एका ठिकाणी गाडी पुढे सरकायला बघते, ती क्लच पकडायची जागा. तिथेच थांबा, गाडी अर्धा मीटर सरकली की परत आत ओढा. हे तीस वेळा. बंद पडली तर पडू द्या. मग क्लच सोडून पाच मीटर जा आणि आत ओढून थांबा. यात रेस कुठेच नाही, आयडलिंगवरसुद्धा ४५० तुम्हाला घेऊन चालते, तेवढा जोर तिच्यात असतो.

मग थोडीशी, इंजिनचा आवाज जेमतेम बदलेल इतकी रेस स्थिर धरायची आणि वेग फक्त हाफ क्लचने कमीजास्त करायचा. चालणाऱ्या माणसाच्या वेगाने दोन खुणांमध्ये आठ आकडा काढा, खुणा दहा मीटरवर. वळताना वेग वाढतोय वाटलं की बोटाने क्लच जरा आत, पडायला लागली की जरा बाहेर. उजवा हात गोठलेला असल्यासारखा स्थिर. पहिल्या दिवशी एवढंच जमलं तरी खूप झालं. क्लच गरम होतो हे खरं, लिव्हर एकदम सैल लागायला लागला तर दहा मिनिटं गाडी उभी करा, बास.

दुसरा नियम, काही गडबड वाटली की सगळ्यात आधी क्लच. ब्रेकच्या आधी, हँडल वळवण्याच्या आधी. हे आपोआप व्हायला हवं, म्हणून मुद्दाम सराव करा, दुसऱ्या गियरमध्ये सावकाश चालवताना सोबतच्या माणसाने टाळी वाजवायची, टाळी ऐकली की क्लच आत. चाळीस-पन्नास टाळ्यांनंतर बोट विचार न करता ओढायला लागतं.

पायरी ४: मनगट आणि गुडघे

माझ्या बाबतीत जे झालं त्याला रायडर लोक व्हिस्की थ्रॉटल म्हणतात. अंग मागे जातं, हात ताणले जातात, ताणलेल्या हाताने मनगट खाली येतं आणि रेस वाढते. याचं मूळ मनगटात नाही, हँडलला लटकण्यात आहे. हँडल हे वळवण्यासाठी आहे, अंग सावरून धरायला पाय आहेत. गुडघ्यांनी आणि बुटाच्या आतल्या बाजूने गाडी चिमट्यासारखी धरा. चाचणी सोपी आहे, उभं राहून सावकाश चालवताना डावा हात क्षणभर सोडून बघा. अंग मागे पडत असेल तर तुम्ही हातावर लटकलेले आहात.

रेसचा ग्रिप सरळ मुठीत पकडू नका. दरवाज्याची गोल मूठ फिरवताना हात जसा तिरका असतो तसा धरा, कोपर बाहेर आणि जरा वर. सुरुवातीलाच मनगट थोडं खाली ठेवून पकड घेतली की चुकून पूर्ण रेस उघडणं अवघड होतं. बसलेले असाल तर पेट्रोल टाकीच्या जवळ सरका, निघताना तर नक्कीच, कारण सीटच्या मागच्या भागावर बसून निघालं की पुढचं चाक उचलतं. आणि उजव्या हाताचंही एक बोट पुढच्या ब्रेकवर. त्याचा एक फायदा असा की बोट लिव्हरवर असलं की मूठ पूर्ण वळतच नाही.

पायरी ५: वरच्या गियरमध्ये चालवायला शिका

घाबरलेला माणूस पहिल्या गियरमध्ये राहतो, त्याला वाटतं तो सगळ्यात हळू. हळू आहे पण सगळ्यात तिखटही तोच आहे. मोटोक्रॉस गाडीत तिसऱ्या गियरमध्ये चाकाला जाणारा जोर पहिल्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशाने कमी होतो, म्हणजे तेवढंच मनगट हललं तरी झटका बराच सौम्य. ४५० मध्ये खालचा टॉर्क इतका असतो की सपाट जमिनीवर दुसऱ्या गियरमध्ये निघता येतं, थोडा हाफ क्लच लागतो एवढंच. निघालात की लगेच तिसरा टाका, इंजिन ओरडायच्या आत. गाडी गुरगुरत, सावकाश फिरत राहिली पाहिजे. खूपच हळू झालात तर क्लचने सांभाळा.

टू स्ट्रोकवर हे जरा वेगळं. तिथे आरपीएम पॉवर व्हॉल्व्ह उघडायच्या खाली ठेवायचं, आवाज बदलायला लागला, धारदार व्हायला लागला की गियर वर टाका. कानाने चालवायची गाडी आहे ती. पंधरा-वीस मिनिटांत तो आवाज ओळखता येतो.

मग सरळ रेषेत रेस द्यायचा सराव. शंभर मीटर, तिसरा गियर, उभे राहा, अंग पुढे, आणि मनात एक-दोन-तीन मोजत मनगट एक चतुर्थांशपर्यंत उघडा, मग तेवढाच वेळ घेऊन बंद करा. उघडण्याएवढंच बंद करणं महत्त्वाचं, फाटकन रेस सोडली की इंजिन ब्रेकिंगने अंग पुढे जातं आणि तो डुलण्याचा खेळ सुरू होतो. ग्रिपवर आणि त्याशेजारच्या स्थिर भागावर मार्करने खूण करून घ्या, म्हणजे एक चतुर्थांश म्हणजे किती ते दिसतं. पहिले पाच-सहा तास त्या खुणेपलीकडे जायचं नाही, कुणी कितीही चिडवलं तरी.

पायरी ६: पुढचं चाक उचललं तर, आणि ब्रेक

पुढचं चाक उचललं की क्लच आत आणि मागचा ब्रेक. मागचा ब्रेक जरासा दाबला की पुढचं चाक लगेच खाली येतं, हे खूप जणांना माहीतच नसतं. म्हणून चढ चढताना आणि रेस देताना उजवा पाय पायाच्या चवड्यावर मागे सरकवून ठेवू नका, पेडलच्या जवळ असू द्या. मैदानात मुद्दाम सराव करा, चाक उचलायची गरज नाही, नुसतं रेस देताना टाळीवर क्लच आणि मागचा ब्रेक एकदम.

पुढच्या ब्रेकची डिस्क २६० ते २७० मिलिमीटरची असते, एका बोटाने पुरेशी थांबते. सैल मातीवर तो दाबताना हँडल सरळ हवं. वळलेल्या हँडलवर पुढचा ब्रेक झटक्यात दाबला की पडणं ठरलेलं. आधी मागचा हलका, मग पुढचा हळूहळू वाढवत, अंग मागे आणि नजर लांब. नजर चाकापुढच्या दगडावर गेली की गाडी त्या दगडावरच जाते.

पायरी ७: चढ

निदान आठ-दहा तास मैदानात झाल्याशिवाय चढाकडे जाऊ नका. पहिला चढ छोटा, वर सपाट जागा असलेला, आणि पायी चढून आधी बघून आलेला. खालीच दुसरा किंवा तिसरा गियर आणि हवा तेवढा वेग घ्यायचा, मग चढावर रेस स्थिर ठेवायची. मधोमध वाढवायला गेलात की मागचं चाक घसरतं किंवा पुढचं उचलतं. अंग पुढे, छाती हँडलच्या वर.

मध्येच बंद पडली तर पुढचा ब्रेक धरा, क्लच सोडलेला ठेवा म्हणजे गियरमधली गाडी मागे घसरत नाही. उतरताना डोंगराच्या बाजूला उतरा, कधीही दरीच्या बाजूला नाही. मग ब्रेक आणि क्लच थोडा थोडा सोडत गाडी मागे सरकवत आडवी करा आणि तोंड खाली वळवा. तिथूनच परत वर निघायचा प्रयत्न ताकदीच्या गाडीवर करू नका, खूप लोक तिथेच मागे उलटतात आणि गाडी अंगावर येते.

उड्यांबद्दल एकच सांगतो, एवढ्यात नको. हवेत घाबरून रेस वाढली की पुढचं टोक वर जातं, आणि घाबरल्यावर मनगट स्थिर राहायला वेळ लागतो.

किती वेळ चालवायची

पंधरा मिनिटं चालवा, दहा मिनिटं उतरा. मोठ्या गाडीवर हाताचे कोपराखालचे स्नायू दगडासारखे कडक होतात, मग बोटं क्लच ओढू शकत नाहीत, आणि बोट नाही म्हणजे लगाम नाही. श्वास रोखून चालवता का ते बघा, मी रोखायचो, हेल्मेटमध्ये मोठ्याने आकडे म्हणायला लागलो तेव्हा सुटलं. पाणी प्या. एकटे कधीच जाऊ नका, आणि जमिनीच्या मालकाची परवानगी असेल तिथेच जा. या गाड्यांना लाइट, इंडिकेटर नसतात, त्या मैदानाच्या आणि ट्रॅकच्या गाड्या आहेत, पोचवायची असेल तर टेम्पोत घालून.

देखभालीचंही एक आहे. शर्यतीच्या इंजिनची वयं तासांत मोजतात, किलोमीटरमध्ये नाही. छोटा अवरमीटर लावा, मॅन्युअलमध्ये ऑइल आणि पिस्टनचे तास दिलेले असतात ते पाळा, एअर फिल्टर प्रत्येक वेळी धुवा. सेकंडहँड घेतली असेल आणि आधीचे तास माहीत नसतील तर शिकायला लागायच्या आधीच इंजिन उघडून दाखवून घ्या. पूर्ण वेगात इंजिन जॅम झालं तर मागचं चाक लॉक होतं.

ठेवायची की बदलायची

दहा-पंधरा तास प्रामाणिकपणे वरचं सगळं केल्यावर स्वतःला विचारा. चालवायच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतो का? अजूनही एक चतुर्थांशच्या खुणेपलीकडे मनगट जातच नाही का? प्रत्येक वेळी नवीन काही शिकतोय की नुसता जिवंत परत येतोय? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दुसरं असेल तर गाडी बदला. भीतीत शिकलेलं अंगात मुरत नाही, उलट कडक हात, रोखलेला श्वास अशा सवयी पक्क्या होतात आणि त्या मोडायला नंतर वर्ष जातं.

बदलायची तर एअर कूल्ड २३० ते २५० ची ट्रेल बाईक बघा, यामाहा टीटीआर२३० किंवा होंडा सीआरएफ२५०एफ सारखी. वजन कमी नाही, उलट थोडं जास्तच, पण सीट ८७०-८८० मिलिमीटरच्या आसपास, ताकद ४५० च्या निम्म्याहूनही कमी आणि इंजिन चुका माफ करणारं. २५० एफ, म्हणजे २५० सीसीची फोर स्ट्रोक मोटोक्रॉस, ही ४५० ची मवाळ बहीण असं समजू नका, तीही पूर्ण शर्यतीची गाडी आहे, फक्त जोर वरच्या आरपीएमला आहे. १२५ टू स्ट्रोक मात्र मला शिकायला आवडते, अंगाने हलकी आणि गियर-क्लच नीट वापरल्याशिवाय पळतच नाही, त्यामुळे हात आपोआप तयार होतो, फक्त उंची बघून घ्या, ती मोठ्या गाडीएवढीच असते.

आणि ठेवायची ठरवलीत तर मवाळ मॅप, हळू थ्रॉटल ट्यूब, फ्लायव्हील वेट हे सगळं एकदम काढू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि त्यावर पाच तास चालवा. सगळ्यात आधी मॅप बदलून बघा, कारण तो नाही जमला तर तिथेच उभ्या उभ्या परत मवाळ करता येतो.